सातवं गाणं जसोदाबाईंचं

जसोदाबाई माझ्या सासूबाई. त्यांच्याबद्दल मी चार चांगले शब्द लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. एकतीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आहेत. नंदुरबारच्या कॉलेजातून बी.ए. होऊन मी शहाद्याला या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझा पुरणाचा मांडा खापरावरून उचलून त्यांनी शेजारच्या बायकांना दाखवला होता. "दखा व, बीए झायेल मांडा," म्हणाल्या. मांडा फाटला होता, हे खरं. पण तो एक मांडा त्यांनी पुढे दहा वर्षं लोकांना दाखवला.

आता त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. जन्म तापीकाठच्या खेड्यातला, शाळा दुसरीपर्यंत, लग्न पंधराव्या वर्षी. कापूस वेचण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे म्हणतात, पण त्यांचं नाव झालं ते तोंडामुळे. आमच्याकडे लग्नात मुलीकडच्या बायका व्याह्यांच्या पंगतीसमोर उभ्या राहून त्यांना गाण्यातून शिव्या देत. त्याला गाळी गाणं म्हणतात. व्याह्याचं पोट, विहिणीचं नाक, नवरदेवाची चाल, काही सुटत नसे. गाळी नाव घेऊनच गायची, हा नियम. ज्याचं नाव येईल त्यानं मान खाली घालून हसत जेवायचं आणि त्याच्या घरच्या बायकांनी उलट गाऊन फेड करायची. सासूबाई गाणार म्हटल्यावर दहा गावांचे व्याही पंगतीत मागच्या बाजूला बसायला बघत.

मग समाजाचे सामुदायिक विवाह सुरू झाले. एका मांडवात चाळीस जोडपी, माइकवर निवेदक, पंगतीत डीजे. गाळी कोण ऐकणार? दहा-बारा वर्षांत सासूबाईंना कोणी गायला बोलावलं नाही. ते सगळं तोंड मग घरातच खर्च होत होतं, म्हणजे माझ्यावर.

मी हे लिहिते आहे ते माझ्या मुलीच्या काळजीनं. कामिनी माझी मोठी मुलगी. अठ्ठावीस पूर्ण झाली. एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. सात स्थळं येऊन गेली होती. त्यातल्या दोघांनी उंचीवरून नाही म्हटलं, म्हणून आठव्या वेळी बायोडाटा करताना मी पाच फूट दोनचे पाच फूट तीन लिहिले. आईनं मुलीसाठी एवढं खोटं लिहू नये का? गावात निम्म्या मुलांच्या बायोडाटात शेती दुप्पट असते.

आठवं स्थळ कळसाडीच्या बन्सीलालभाऊंचं होतं. ऊस, केळी, दोन मुलं. धाकटा ईश्वर सुरतेत इंजिनिअर. दसऱ्यानंतरच्या रविवारी ते, त्यांची बायको भिकुबाई आणि थोरली सून दामिनी बघायला आले. मुलगा सुट्टी नाही म्हणून आला नव्हता. पोहे झाले. बन्सीलालभाऊ खिशातून बायोडाटा काढून चष्मा लावून वाचायला लागले.

"आठे पाच फूट तीन लिखेल शे. पोर तेवढी दिसत नही," ते म्हणाले.

माझे मिस्टर, हेमराज, काहीतरी पुटपुटले.

"त्यामा काय शे, मोजी लेवूत. ताई, तुम्ही शिवणकाम करतस ना? टेप व्हई घरमा."

मी आत गेले. मशीनचा खण उघडला, पिवळा टेप काढला आणि आणून त्यांच्या हातात दिला. यात मी काही विचार केला असं मला सांगता येणार नाही. पाहुण्यानं पाणी मागितलं की आपण देतो, तसा दिला.

कामिनीला चपला काढून भिंतीला उभं केलं. बन्सीलालभाऊंनी कानामागची पेन्सिल काढून तिच्या डोक्यावर भिंतीवर रेघ मारली, जशी सुतार फळीवर मारतो. मग मोजलं.

"पाच फूट दोन," ते म्हणाले आणि हसले. "जाऊ द्या. एक इंच आम्ही सोडी दिधा."

भिकुबाई बशीतल्या चहाकडे बघत होत्या. कामिनीचे कान लाल झाले होते. सासूबाई दाराजवळच्या खाटेवर होत्या आणि त्या दिवशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी मनात देवाचे आभार मानले. बघायच्या कार्यक्रमात मुलीकडच्यांनी बोलायचं नसतं. त्यांची बोलायची जागा मांडवात, आणि ती जागा आता राहिलेली नाही, एवढंच मी धरून चालले होते. होकार आला. वैशाखातल्या सामुदायिक विवाहात लग्न ठरलं. साखरपुडा झाला. मला तीन वर्षांनी पहिल्यांदा रात्री सलग झोप लागली.

आता धाकटा. हेमकांत चोवीस वर्षांचा आहे. प्रकाशा रोडवर आमच्या केळी पिकवायच्या तीन बंद खोल्या आहेत. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत ठेवतात, गॅस सोडतात आणि चोवीस तास दार लावून घेतात. दारावर लाल अक्षरात 'दार उघडू नये' लिहिलेलं आहे. ते काम हेमकांत बघतो. उरलेल्या वेळात तो पंक रॉक करतो. पंक रॉक म्हणजे काय ते त्यानं मला दोनदा समजावलं आहे. तीनच सूर, खूप वेग, खूप राग, आणि गाता आलंच पाहिजे असं नाही. मी म्हटलं, मग त्याला गाणं का म्हणायचं? तो म्हणाला, "आई, म्हणूनच."

त्यांच्या बँडचं नाव करपा. केळीच्या पानावर पडतो तो. हेमकांत गिटार वाजवतो आणि ओरडतो. भूपेश नावाचा त्याचा शाळेपासूनचा मित्र, ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात असतो, तो दुसरी जाड तारांची गिटार वाजवतो. ड्रमवर डोंगरातल्या काठी गावचा आदिवासी पोरगा, जालमसिंग. त्याच्या घरचे होळीला मोठा ढोल वाजवतात, आणि तो ड्रमही तसाच वाजवतो, म्हणजे शेजारच्या डोंगरावर ऐकू जायला हवा असा. सासूबाईंनी त्याला पहिल्या दिवशी वेगळ्या कपात चहा दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं वाजवणं ऐकून आल्या आणि घरातल्या कपात दिला. मला हे दोन्ही आवडलं नव्हतं. पहिलं का, ते उघड आहे. दुसरं यासाठी, की आता हा रोज येणार.

दिवाळीनंतर तीन नंबरच्या खोलीचं कूलिंगचं मशीन बिघडलं आणि सुटा भाग यायला महिना लागणार होता. हेमकांतनं ती खोली अल्बमसाठी धरली. त्या खोल्यांच्या भिंती थंडावा धरायला हातभर जाडीच्या असतात. आत टाळी वाजवली तर टाळीचा आवाज तिथेच पडतो, परत येत नाही. त्यांना तेच हवं होतं. क्रेटवर क्रेट रचून त्यांनी ड्रमभोवती भिंत केली. लॅपटॉप वजनकाट्यावर ठेवला. दार लावलं की आत हवा नाही. दहा मिनिटं वाजवायचे आणि घामानं निथळत बाहेर येऊन उभे राहायचे. कपड्यांना पिकल्या केळ्यांचा वास. ते कपडे मी धूत होते.

आठ गाणी झाली. सगळी मिळून एकोणीस मिनिटं. एक कारखान्याच्या भोंग्यावर, एक कापसाच्या पऱ्हाटीवर, एक एस.टी. स्टँडवरच्या घोषणांवर. मी ऐकली. मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखं वाटलं. सासूबाई तिथे रोज डबा घेऊन जायच्या आणि क्रेटवर बसून ऐकायच्या. एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही नुसतं वरडी ऱ्हायनात. कोनवर वरडी ऱ्हायनात ते समजत नही."

पुढचं मला हेमकांतनं नंतर सांगितलं. तो म्हणाला, "मग मोठमाय, तू गा ना. एखादी जुनी गाळी."

"कोना लगननी?"

"कोणाच्याच नको. नाव न घालता गा."

"नाव नही टाकं ते लागी कोनले? बिननावनी गाळी म्हंजे बिनपत्तानी चिठ्ठी. पोस्टमन बी फेकी दी."

आणि माइकसमोर त्या गायल्या. जुनी नव्हे. त्यांनी ती दसऱ्यापासून मनात रचून ठेवलेली होती.

"याही उना, याही उना, बन्सीलाल उना,
आंडोरना करता नवरी दखाले उना.
पोर कई भिंतले उभी, पेन्सिल मारी वर,
बन्सीलाल, तुन्ही अक्कल कोनी मोजी घर?"

याही म्हणजे व्याही, आंडोर म्हणजे मुलगा. अशी चार कडवी. शेवटच्या कडव्याला टेप येतो. टेप कोणी दिला, असं त्या विचारतात. तिथे तिघा पोरांनी स्वतःचं ओरडणं घातलं: "टेप कोनी दिधा? टेप कोनी दिधा?" जालमसिंग मध्ये चार ठोके देतो. मग सगळं थांबतं आणि सासूबाई एकट्या, अगदी शांत आवाजात म्हणतात, "टेप मायनीच दिधा."

झालं ते नववं, पण अल्बममध्ये त्यांनी ते सातवं लावलं. अल्बमचं नाव त्यांनी 'दार उघडू नये' ठेवलं आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नेटवर टाकला. मला कोणी ऐकवलं नाही. मी आठ गाणी ऐकली होती, नववं झालंय हे मला माहीत नव्हतं.

सासूबाईंना मोबाइलमधलं काही समजत नाही असं त्या सगळ्यांना भासवतात. आपला आवाज कुठवर जाईल याची त्यांना कल्पना नव्हती, असं मिस्टर अजून म्हणतात. मी एकतीस वर्षं त्यांना ओळखते. त्यांना पुरती कल्पना होती. मांडवातली जागा गेली, ही नवी मिळाली.

पहिले दहा दिवस कोणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी खाली लिहिलं, कान फुटले, पोरांना कामाला लावा, केळीचा भाव पडला तो यांच्यामुळे. मला बरं वाटत होतं. पोराचं वेड आपोआप उतरेल. मग पुण्याच्या कोणी एकानं नेटवर लांबलचक कौतुक लिहिलं. सातव्या गाण्यात ग्रामीण स्त्रीचा आदिम आक्रोश आहे म्हणे. ते वाचून माझा जीव जळला. त्या बाईंनी आयुष्यात आक्रोश केलेला मी पाहिलेला नाही. सासरे गेले तेव्हाही त्यांनी आधी चहाचं विचारलं. ही शिवी आहे, कळसाडीच्या एका माणसाला नाव घेऊन दिलेली, आणि ज्याला शब्द कळत नाहीत त्याला ती आक्रोश वाटते. पण त्या कौतुकानं गाणं पसरलं. कोणीतरी तेवढंच कापून त्यावर बन्सीलालभाऊंचा वाढदिवसाच्या बॅनरवरचा फोटो लावला आणि समाजाच्या ग्रुपवर टाकलं.

त्या आठवड्यात मी घराबाहेर पडायचं बंद केलं. एस.टी. स्टँडसमोर मोटरसायकलवरची पोरं आधी एकमेकांत कुजबुजली आणि मी पुढे गेल्यावर मागून हाळी आली, "ताई, टेप कोनी दिधा?" ब्लाउज टाकायला गजराबाई आल्या, माझ्या पंधरा वर्षांच्या गिऱ्हाईक. मी टेप गळ्यात घातला तर हात वर करून म्हणाल्या, "मन्हं माप आठेच ऱ्हाई ना शीला, का तेबी गाणामा जाई?" आणि स्वतःच हसल्या. मी त्यांचं ब्लाउज एक बोट तंग शिवलं.

बन्सीलालभाऊंचा फोन मिस्टरांना आला. "हेमराजभाऊ, मन्हं नाव पुनालगून गयं. आते सांग, लगन करानं का नही?" त्यांची मागणी साधी होती. अल्बम नेटवरून काढायचा. आणि म्हातारीनं समाजातल्या एका वडीलधाऱ्यासमोर हात जोडून माफी मागायची. त्याचा व्हिडिओ त्याच ग्रुपवर जाईल. तसं झालं तर वैशाखात लग्न, नाहीतर साखरपुड्याचं सामान परत.

मी हेमकांतला गाठलं.

"नाव का ठेवलंस?"

"ते काढलं की गाणं मरत होतं."

"तुझ्या बहिणीचं लग्न मरतंय."

"आई, त्यांनी तिला भिंतीला लावून मोजलं."

"मोजलं तर मोजलं. ब्लाउजला मी रोज चार बायका मोजते."

"त्या मोजून घ्यायला येतात."

मी त्याला सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत काढलं नाही तर मी तो ड्रम भंगारात घालीन, आणि मी घातला असता. त्यानं काढलं. सातवंच काढ म्हटलं तर सगळा अल्बमच काढला. एक काढलं तर बाकीची आठ खोटी पडतात म्हणाला. जालमसिंग आणि भूपेश येईनासे झाले. कामिनीला मी विचारलं नव्हतं. ती लॅबमधून यायची, जेवायची, झोपायची. ईश्वरचे मेसेज यायचे ते तिनं एकदा मला दाखवले. "पप्पा म्हणतील तसं." तिन्ही मेसेज तेच.

सासूबाईंना तयार करणं सगळ्यात अवघड जाईल असं मला वाटलं होतं. मी त्यांच्या पाया पडले. एकतीस वर्षांत सणवार सोडून पहिल्यांदा.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "येवू दे त्यास्ले. आनी त्याले सांग, घरन्या बाया लईसन ये."

मला वाटलं, बायकांसमोर माफी मागणं त्यांना सोपं जाणार असेल.

रविवारी ते आले. त्याच खोलीत बसले. बन्सीलालभाऊ, भिकुबाई, दामिनी, आणि समाजातले दोधूअप्पा, जे दोन्हीकडचे लांबचे नातलग लागतात आणि कुठेही गेले तरी सोफ्याचा मधला भाग धरतात. भिंतीवर ती पेन्सिलची रेघ तशीच होती. मी दोनदा पुसायला गेले होते, ऑइल पेंट असून जात नव्हती, म्हणून तिथे कॅलेंडर लावलं होतं. बन्सीलालभाऊंनी दामिनीला खूण केली. तिनं मोबाइल उभा धरला. कामिनी आत चहा ओतत होती. दार उघडं होतं.

"बोला, माय," दोधूअप्पा म्हणाले. "दोन शब्द. झाये ते झाये."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. त्यांनी हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला.

"बन्सीलाल," त्या म्हणाल्या, "मी तुले गाळी दिधी. नाव लिसन दिधी. जी रीत शे तशीच दिधी. पन गाळी परत लेवानी रीत मन्ही सासूनी मले शिकाडी नही. गाळीले गाळी देवानी रीत शे. या तुन्ह्या बाया बठेल शेतस. त्यास्ले सांग, गा. मन्हं नाव टाका, मन्हा मरेल नवरानं टाका, ही मन्ही बीए वहू शे, इन्हं टाका. मी आठे बठीसन आयकसू आनी हासू. फेड व्हई गयी. ते बी टाका मोबाइलमा."

"आमन्या घरन्या बाया असं काही गातस नही," बन्सीलालभाऊ म्हणाले.

"गातस नही?" सासूबाईंनी मान वळवली. "भिकू. तू मन्हा माहेरना शेजारनी. तुन्हा मामेभाऊना लगनमा तू सोळा वर्सनी व्हती. मन्हा दातवर गायेल व्हती. ध्यानमा शे?"

भिकुबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या.

"जसोदाना दात, वावरनं दाताळं," सासूबाईंनी स्वतःच म्हणून दाखवलं, आणि पुढे आलेले ते दोन दात दाखवून हसल्या. "बठ्ठा मांडव लोळी लोळी हासना. मी घर जाईसन रडनू. पन सांगू, भिकू, त्यानंतर मी शिकनू. मन्हं गाणं तुन्हापासून शे. आते गा."

सगळे भिकुबाईंकडे बघायला लागले. दामिनीचा मोबाइलही नकळत तिकडे वळला. मी त्या बाईला नीट पाहिलं ते तेव्हा. साठीच्या असतील. ओठ किंचित हलले. काहीतरी तोंडात आलं होतं, मी शपथेवर सांगेन, ओळ आली होती. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. बन्सीलालभाऊंनी नाही म्हटलं नव्हतं, ते नुसतं घड्याळ बघत होते. भिकुबाईंनी ओठ मिटले आणि पदर खांद्यावर ओढला.

कामिनी ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळची, कोण जाणे.

"काकू, गा ना," ती म्हणाली.

"आते नही येत, बेटा."

"कधीपासून येत नाही?"

भिकुबाईंनी जरा आठवल्यासारखं केलं. "ह्या घरमा उनू तवयपासून," म्हणाल्या. तक्रार नव्हती. कोणी विचारलं लग्न कधी झालं, तर सांगावं तसं सांगितलं.

कामिनीनं दामिनीकडे पाहिलं. "आणि वहिनी, तुम्ही?"

दामिनीनं मोबाइल खाली केला आणि तो बंद करण्यात गुंतली.

कामिनीनं ट्रे टीपॉयवर ठेवला. सगळ्यांना एकेक कप दिला, बन्सीलालभाऊंना आधी. मग उभी राहून म्हणाली, "काका, मला हे लग्न करायचं नाही."

मी उठले. तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढायला लागले. हे मी लपवत नाही. माझी नखं तिच्या दंडात गेली. ती हलली नाही. पाच फूट दोन इंचांची मुलगी, पण हलली नाही. "आई, सोड," म्हणाली, "टेप तू दिलास. आता मला काही देऊ नकोस."

मिस्टर म्हणाले, पोरगी भांबावली आहे. दोधूअप्पा म्हणाले, शिकेल पोरीस्नं असंच ऱ्हास. बन्सीलालभाऊ चहा न पिता उठले. दारात थांबून म्हणाले, "आम्ही एक इंच सोडी दिधा व्हता. हाई ध्यानमा ठेवा."

"लई जा तुन्हा इंच वापस," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

भिकुबाई सगळ्यात शेवटी गेल्या. चप्पल घालताना त्यांनी सासूबाईंकडे एकदा पाहिलं. काही झालं नाही. गेल्या.

त्या रात्री मी सासूबाईंना जे बोलले ते इथे लिहिणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. उलट बोलल्या नाहीत, आणि मला त्याचाच जास्त राग आला. तुमच्या एका गाण्यापायी माझी पोरगी घरात बसली, असं मी म्हटलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "गाणापायी नही. गाणं नही उनं त्यापायी." मी ताट आपटून आत गेले.

लोकांनी अर्थातच आपापला अर्थ लावला. मुलीत खोट असेल. मुलीचं बाहेर काही असेल. काठीच्या पोराचं नाव घ्यायलाही कमी केलं नाही, आणि जी बाई मला हे सांगायला आली तिला मी दारातूनच परत पाठवली. ती गजराबाईच होती. साखरपुड्याचं सामान परत गेलं. वैशाखात सामुदायिक विवाह झाला, लाऊडस्पीकर घरापर्यंत ऐकू येत होता. आम्ही कोणी गेलो नाही. ईश्वरचं लग्न त्याच मांडवात दुसऱ्या मुलीशी झालं. ती पाच फूट चार आहे म्हणे.

कामिनीनं हेमकांतला सांगून अल्बम पुन्हा नेटवर चढवला. मला कोणी विचारलं नाही. भूपेश आणि जालमसिंग पुन्हा येतात, आणि आता तीन नंबरच्या खोलीत केळी आहेत म्हणून पोरं आमच्या गच्चीवर वाजवतात. शेजारच्यांनी दोनदा तक्रार केली. एकदा मीच केली. सातवं गाणं लागलं की मी मशीन जोरात चालवते. तरी शेवटची ओळ ऐकू येतेच, कारण तिथे ते सगळं थांबवतात.

मला कोणी विचारलं की चूक कोणाची, तर मी सासूबाईंचं नाव घेईन. बन्सीलालचं घेईन. हेमकांतचं घेईन. पण मशीनचा खण उघडताना हात थोडा थांबतो, हेही खरं. मला त्या दिवशी "टेप नाही" एवढं म्हणता आलं असतं. घरात तीन टेप होते आणि मला "नाही" म्हणता आलं असतं.

मागच्या महिन्यात कामिनीला एकोणतीस लागलं. नंदुरबारच्या माझ्या भावानं एक स्थळ सुचवलं आहे, मुलगा कोर्टात क्लार्क, गाण्याचं त्याला माहीत आहे, तरी बायोडाटा पाठवा म्हणाले. आज जेवणानंतर हेमकांत लॅपटॉप घेऊन बसला, मी सांगत गेले, तो टाइप करत गेला. कामिनी बाजूला भेंडी निवडत होती. उंचीपाशी तो थांबला.

"किती लिहू?"

कामिनीनं भेंडीचं देठ मोडलं.

"पाच फूट दोन," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या; त्यांना वाटलं तर झोप लागते, वाटलं तर नाही. खाटेवरून आवाज आला, "आनी खाले लिख, आजी गाळ्या देस. जवाब देनारं घर व्हई तरच या."

कामिनी हसली. दसऱ्यानंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हेमकांतनं माझ्याकडे बघितलं, बोटं की-बोर्डवर तशीच.

"असलं काही लिहू नको," मी म्हटलं. "आहे तेवढी बदनामी पुष्कळ आहे."

आता सगळे झोपलेत आणि बायोडाटा समोर आहे. सकाळी भावाला पाठवायचा आहे. पहिलं पान मी चारदा वाचलं. उंचीखाली अपेक्षा नावाचा रकाना रिकामा आहे. दर वेळी तिथे आम्ही 'निर्व्यसनी, सुशिक्षित' लिहितो. मी ते लिहिलं आणि खोडलं. उद्या कामिनीला विचारीन, काय लिहायचं. ती सांगेल ते मला आवडणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.